दंतकथा कोण छापतो?

जॉन फोर्ड यांच्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२) या चित्रपटाविषयीच्या लेखनाला एक खोड जडलेली आहे. चित्रपटाच्या शेवटी एक वृत्तपत्र-संपादक हाती आलेली खरी हकीकत छापायला नकार देतो. हा पश्चिमेचा मुलूख आहे, येथे दंतकथाच वस्तुस्थिती होऊन बसली की दंतकथाच छापायची असते, अशा आशयाचे तो काही बोलतो. समीक्षक हे एक वाक्य उचलतात, ते फोर्ड यांच्या नावावर जमा करतात आणि उरलेला दोन तासांचा चित्रपट त्या वाक्याचे उदाहरण म्हणून वाचतात. कथात्म साहित्याच्या चर्चेत एखाद्या पात्राचे उद्गार लेखकाच्या माथी मारणे ही चूक नवख्या विद्यार्थ्यालाही माफ होत नाही. या चित्रपटाच्या बाबतीत मात्र तीच चूक सिद्धान्ताच्या पदवीला पोचली आहे.

या वाक्याला तीन प्रकारचे समीक्षक तीन वेगवेगळ्या कारणांनी शरण जातात. मिथकसमीक्षकाला त्यात सामूहिक नेणिवेचा कौल ऐकू येतो. संहितावाद्याला त्यात सत्य ही कथनाचीच निर्मिती असल्याची कबुली सापडते. समाजहितवाद्याला, समाज थोर असत्यांवर उभा असतो या आपल्या जुन्या मताचा आधार मिळतो. तिघांच्या तात्त्विक भूमिका परस्परांना छेद देणाऱ्या आहेत. पण एका बाबतीत त्यांचे विलक्षण एकमत आहे. संपादक वार्ताहराची टिपणे नष्ट करतो, या कृतीविषयी तिघांपैकी एकालाही काही विचारावेसे वाटत नाही. पडद्यावर पुराव्याचा नाश होत असतो आणि समीक्षा सुभाषित टिपून घेत असते.

प्रश्न एका जुन्या अमेरिकन चित्रपटाच्या अन्वयार्थापुरता असता, तर तो चित्रपटाच्या अभ्यासकांवर सोपवता आला असता. परंतु ‘मिथक’, ‘दंतकथा’ आणि ‘इतिहास’ या संज्ञांचा समीक्षेत होणारा सैल वापर येथे जितका उघडा पडतो तितका क्वचितच इतरत्र पडत असेल. म्हणून या चित्रपटाकडे पुन्हा वळणे अगत्याचे ठरते.

१

बहुतेक अपव्याख्या कथानकाच्या विस्मरणातून जन्मतात. तेव्हा आधी कथानक पाहिले पाहिजे. सिनेटर रॅन्सम स्टॉडर्ड (जेम्स स्टुअर्ट) आणि त्याची पत्नी हॅली (व्हेरा माइल्स) आगगाडीने शिनबोन या गावी येतात. टॉम डॉनिफन (जॉन वेन) या, गावाला आता जवळजवळ अनोळखी झालेल्या माणसाच्या अंत्यविधीसाठी ते आलेले आहेत. एवढ्या मोठ्या माणसाने अशा मयतीला का यावे, असे ‘शिनबोन स्टार’चा संपादक हक्काने विचारतो आणि स्टॉडर्ड सांगू लागतो. तरुण वकील म्हणून तो या प्रदेशात आला तेव्हा लिबर्टी व्हॅलन्स (ली मार्व्हिन) या गुंडाने टपालगाडी लुटली, त्याला चाबकाने फोडून काढले, त्याचे कायद्याचे पुस्तक फाडले. डॉनिफनने त्याला गावात आणले. खाणावळीत भांडी घासता घासता स्टॉडर्डने शाळा सुरू केली. व्हॅलन्स हा केवळ दरोडेखोर नव्हता. पिकेटवायर नदीपलीकडच्या बड्या पशुमालकांचा तो भाडोत्री हस्तक होता. त्या मालकांना मोकळी कुरणे आपल्या ताब्यात ठेवायची होती. लहान शेतकऱ्यांना व दुकानदारांना घटकराज्याचा दर्जा आणि त्याबरोबर येणारे कायद्याचे संरक्षण हवे होते. गावसभेने स्टॉडर्ड आणि ‘स्टार’चा तेव्हाचा संपादक डटन पीबडी यांना प्रतिनिधी म्हणून निवडले. व्हॅलन्सने पीबडीला मरणाच्या दारी पोचेपर्यंत मारले आणि छापखाना मोडला. त्या रात्री खाणावळीतला एप्रन तसाच अंगावर ठेवून, पिस्तूल घेऊन स्टॉडर्ड त्याच्यासमोर उभा राहिला. व्हॅलन्स कोसळला.

पुढे प्रतिनिधींच्या परिषदेत, एक माणूस मारणे एवढीच आपली पात्रता काय, या विरोधकांच्या प्रश्नाने खचून स्टॉडर्ड सभागृहाबाहेर पडतो, तेव्हा डॉनिफन त्याला खरे काय ते सांगतो. व्हॅलन्सला लागलेली गोळी डॉनिफनची होती, अंधारातून झाडलेली. त्याचा कृष्णवर्णीय नोकर पॉम्पी (वुडी स्ट्रोड) याने रायफल त्याच्याकडे फेकली होती. हा थंड डोक्याने केलेला खून होता, असे डॉनिफन स्वतःच म्हणतो. ते ऐकून स्टॉडर्ड सभागृहात परत जातो. पुढे तो गव्हर्नर होतो, सिनेटर होतो, राजदूत होतो. डॉनिफन हॅलीला गमावतो आणि विस्मृतीत मरतो. शवपेटीत त्याच्या पायांत बूटही ठेवलेले नसतात.

या कथानकातील एक तपशील समीक्षेने जवळजवळ वाऱ्यावर सोडलेला आहे. ‘शिनबोन स्टार’ला चित्रपटात दोन संपादक आहेत. पहिला, पीबडी, दारुडा आणि घाबरट आहे. पण व्हॅलन्सविषयीचे खरे तो छापतो आणि त्यासाठी हाडे मोडून घेतो. दुसरा, मॅक्सवेल स्कॉट, सभ्य आणि सुखवस्तू आहे. त्याच्यावर कोणीही चाबूक उगारलेला नाही. तरीही, पहिल्याने रक्त सांडून ज्या वृत्तपत्राची प्रतिष्ठा कमावली, त्याच वृत्तपत्रात दुसरा खरे छापायला नकार देतो. दंतकथेचे समर्थन फोर्ड यांनी घातले आहे ते या दुसऱ्याच्या तोंडी. पहिल्या संपादकाचे ठेचलेले शरीर प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असताना दुसऱ्याचे वाक्य चित्रपटाचे तात्पर्य म्हणून वाचणे हे वाचन नव्हे. ती स्कॉटच्या कचेरीतली उमेदवारी आहे.

शिवाय एक साधी गोष्ट उरतेच. स्कॉट जे छापत नाही ते फोर्ड यांनी दाखवलेले आहे. चित्रपटातल्या गावाला दंतकथा मिळते. प्रेक्षकाला दंतकथा, तिच्यामागची हकीकत आणि ती हकीकत दडपली जाण्याचा क्षण, असे तिन्ही मिळते. एवढी उघड विसंगती नजरेआड करायला समीक्षेला बरेच परिश्रम पडले असले पाहिजेत.

२

मिथकसमीक्षेचे म्हणणे असे की, वेस्टर्नपट हा अमेरिकेचा पुराणसंभार होय. त्यात अरण्य आणि उद्यान, बंदूक आणि पुस्तक, भटका आणि गृहस्थ अशी आद्य द्वंद्वे सुटत जातात. पीटर वोलन यांनी ‘साइन्स अँड मीनिंग इन द सिनेमा’ (१९६९) या ग्रंथात फोर्ड यांच्या चित्रपटांची मांडणी याच द्वंद्वांच्या आधारे केली आणि ती त्या काळी उपकारक ठरली, यात शंका नाही. पुढच्या अनुकरणकारांनी मात्र मांडणीचा साचा केला. डॉनिफन म्हणजे मावळते वीरयुग, स्टॉडर्ड म्हणजे उगवता कायदा, एकाचे बलिदान आणि दुसऱ्याची स्थापना, अशी जोडणी झाली की चित्रपट संपतो आणि आदिबंध उरतो.

या जोडणीत जे मावत नाही ते पाहावे. मिथकाला कर्ता नसतो, असे मिथकसमीक्षेचे गृहीतक आहे. ते लोकमानसातून आपोआप उगवते. त्याची तारीख सांगता येत नाही. येथील दंतकथेला तारीख आहे, कर्ते आहेत, पत्ता आहे. ती एका निवडणुकीत वापरली जाते. तिच्यामुळे एक माणूस गव्हर्नर होतो. तिची खरी हकीकत कळल्यावर एक संपादक जाणूनबुजून ती दडपतो. अशा वस्तूला मिथक म्हणणे म्हणजे कारखान्यातून आलेल्या मालाला रानातला मेवा म्हणून विकणे आहे. रोलाँ बार्थ यांनी ‘मायथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये मिथकाचे कार्य सांगितले ते हेच, की मिथक इतिहासाला निसर्गाचे रूप देते. बार्थ यांचा तो आरोप होता. आदिबंधवादी समीक्षेने त्याची प्रशस्ती करून टाकली.

दंतकथा नेमके काय झाकते, हेही या समीक्षेला नीट सांगता आलेले नाही. तिच्या मते झाकलेली गोष्ट एकच: बंदूक कोणाची होती. वास्तविक दंतकथेने दुहेरी चोरी केलेली आहे. डॉनिफनचे कृत्य तिने स्टॉडर्डच्या नावावर लावले, ही पहिली. दुसरी अधिक मोठी आहे. शाळा, वृत्तपत्र, गावसभा आणि प्रतिनिधींची निवड या चारही गोष्टी गोळी सुटण्यापूर्वी घडलेल्या आहेत. व्हॅलन्सने सभेत पिस्तूल दाखवून स्वतःचे नाव पुढे केले आणि शिनबोनच्या लोकांनी त्याच्या तोंडावर दुसऱ्यांना मते दिली. भेदरलेल्या, साध्या माणसांनी एकत्र येऊन केलेली ही कृती दंतकथेत कोठेही नाही. तिच्यात आहे तो एक वीर, एक खलनायक आणि एक गोळी. ज्यांनी व्हॅलन्सला पोसले ते पशुमालकही तिच्यातून सुटतात. हस्तक मेला आणि धनी निर्दोष झाले. आर्थिक संघर्षाचे द्वंद्वयुद्ध करून टाकणे हे दंतकथेचे खरे काम आहे, आणि मिथकसमीक्षा त्या द्वंद्वयुद्धालाच अर्थाचे केंद्र मानून ते काम पुढे नेते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. मतदानाने व्हॅलन्स थांबला नसता; पीबडीची अवस्था त्याला साक्ष आहे. अंधारातली ती गोळी नसती तर स्टॉडर्ड मेला असता आणि कदाचित घटकराज्याची चळवळही. हे खरेच आहे, आणि चित्रपट ते लपवत नाही. पण हे सत्य दंतकथेहून कितीतरी अवघड आहे: कायद्याच्या राज्याच्या पायात एक बेकायदा हत्या आहे आणि तिचा लाभ घेणाऱ्याला ते ठाऊक आहे. दंतकथा ही अवघड जागा भरून काढते. ती सांगते की कायद्याच्या माणसाने उघड्या रस्त्यावर, समोरासमोर, न्याय्य लढतीत विजय मिळवला. ज्यांना या अवघड सत्याविषयी बोलायचे आहे त्यांनी दंतकथेच्या बाजूने बोलता कामा नये.

३

संहितावाद्यांचा युक्तिवाद अधिक चतुर आहे. त्यांच्या मते ‘खरी हकीकत’ म्हणून जे दाखवले जाते तेही निवेदनच. स्टॉडर्डच्या निवेदनाच्या पोटात डॉनिफनचे निवेदन. गोळीबाराची दोन दृश्ये, दोन कोनांतून. निवेदनाबाहेरचा आधार कोठेही नाही. मग एका कथनाला दंतकथा व दुसऱ्याला वस्तुस्थिती का म्हणावे? या मंडळींच्या लेखनात हेडन व्हाइट यांच्या ‘मेटाहिस्टरी’चा (१९७३) उल्लेख हमखास येतो. इतिहासलेखनाला कथानकाची घडण असते हे व्हाइट यांनी दाखवले. घटना घडतच नाहीत असे त्यांनी म्हटलेले नाही. हा फरक पुसला की सिद्धान्ताचा मंत्र होतो.

चित्रपटाची रचनाच या युक्तिवादाला साथ देत नाही. अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’मध्ये (१९५०) साक्षी परस्परांना खोडतात, प्रत्येक साक्षीदार स्वतःची अब्रू राखणारी कहाणी सांगतो. येथे दोन दृश्ये एकमेकांशी स्पर्धा करीत नाहीत. दुसरे दृश्य पहिल्याला सामावून घेते आणि पहिल्यात न उमगलेले उलगडते: पिस्तूल हाती नीट न धरता येणाऱ्या, उजव्या हाताला जखम झालेल्या माणसाने डाव्या हाताने झाडलेली गोळी एका सराईत बंदूकबाजाला कशी लागली, याचे उत्तर ते देते. कॅमेऱ्याने जागा बदलली एवढ्यावरून सत्य विरघळत नाही. जागा बदलल्यामुळे दिसले, इतकेच.

याहून महत्त्वाचे असे की, बोलणारे दोघेही स्वतःच्या हिताविरुद्ध बोलत आहेत. डॉनिफनच्या कथनाने तो खुनी ठरतो आणि हॅलीला कायमचा अंतरतो. स्टॉडर्डच्या कथनाने ज्या नावावर त्याचे आयुष्य उभे आहे ते नावच कोसळते. मृत व्यक्तीने स्वतःवर फौजदारी कारवाई ओढवेल असे काही सांगून ठेवले असेल, तर ते ग्राह्य धरावे, असे तत्त्व १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ३२व्या कलमात होते. २०२४मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या साक्ष अधिनियमातही ते टिकून आहे. कायदा हा काही ज्ञानमीमांसेचा अखेरचा शब्द नव्हे. पण सर्व कथने सारखीच असे म्हणणाऱ्याला एवढे तरी विचारता येते, की सांगणाऱ्याला सांगून काय मिळाले आणि काय गमवावे लागले, हा प्रश्न त्याला निरर्थक का वाटतो? दंतकथेने स्टॉडर्डला गव्हर्नरपद दिले. खऱ्या हकीकतीने डॉनिफनला काय दिले, ते त्या बुटांवाचूनच्या शवपेटीत दिसते. दोन कथनांतला फरक येथे आहे, आणि तो संहितेच्या आतच आहे.

४

तिसरा पक्ष समाजहितवाद्यांचा. समाजाला आदर्श लागतात. स्टॉडर्डने राज्याचे भले केले. मग एका जुन्या गोळीचा हिशेब कशाला, असा त्यांचा सवाल. या पक्षाला खुद्द फोर्ड यांची साक्ष काढता येते. ‘फोर्ट अपाची’ (१९४८) या त्यांच्याच चित्रपटात एका हेकट अधिकाऱ्याच्या चुकीमुळे तुकडी मारली जाते आणि त्याचा उत्तराधिकारी पत्रकारांसमोर त्याची वीरकथा कायम ठेवतो. पीटर बॉग्दानोविच यांना दिलेल्या मुलाखतीत फोर्ड यांनी, देशाला आदर करावा असे वीर असणे हिताचे, असे मत व्यक्त केले होते. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) मध्ये तर ते स्वतःच मॅक्सवेल स्कॉटच्या खुर्चीत बसलेले दिसतात. टूमस्टोन येथील ओ. के. कोरालची चकमक २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झाली. चित्रपटात त्या चकमकीत मरणारा म्हातारा क्लँटन प्रत्यक्षात त्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, मारला गेला होता. त्याच चकमकीत मरणारा डॉक हॉलिडे १८८७पर्यंत जगला आणि क्षयाने गेला. ज्याच्या खुनाचा सूड म्हणून सारे कथानक उभे राहते तो जेम्स अर्प तर १९२६ साली वारला.

म्हणजे फोर्ड हे दंतकथेचे जुने कारागीर. १९६२च्या चित्रपटाचे मोल त्यामुळेच वाढते. आयुष्यभर जो माल त्यांनी विकला, त्याची कृती त्यांनी या चित्रपटात उघडी करून ठेवली. मुलाखतीतले फोर्ड आणि चित्रपटातले फोर्ड यांत विरोध असेल, तर साक्ष चित्रपटाची घ्यावी, मुलाखतीची नव्हे, हे कोणत्याही गंभीर समीक्षेने केव्हाच मान्य केले आहे.

आणि चित्रपटाची साक्ष काय आहे? शेवटी परतीच्या गाडीत, एके काळी अरण्य होते ते आता उद्यान झाले, असे हॅली म्हणते. तिच्या चेहऱ्यावर समाधान नसते. डॉनिफनच्या शवपेटीवर निवडुंगाचे फूल तिनेच ठेवलेले आहे. गाडीचा कर्मचारी अदबीने सांगतो की, लिबर्टी व्हॅलन्सला मारणाऱ्या माणसासाठी काहीही करायला आम्ही तयार आहोत. पाइप पेटवायला निघालेला स्टॉडर्ड काडी विझवतो. थोर असत्याने समाजाचे भले झाले असेलही; ज्याच्या नावाने ते सांगितले गेले त्याला ते जन्मठेपेसारखे भोगावे लागते. पण स्टॉडर्डविषयी फार हळहळण्याचेही कारण नाही. एका संपादकाने नकार दिला म्हणून सत्य संपत नाही. दुसरे वृत्तपत्र होते, सिनेटचे व्यासपीठ होते. लाभ पदरात पडून गेल्यावर त्याने एकदा कबुलीजबाब दिला आणि पहिल्याच नकाराला तो मुकाट्याने गाडीत बसला.

५

दंतकथा निरुपद्रवी असते असे ज्यांना वाटते त्यांनी चित्रपट क्षणभर बाजूला ठेवून वायोमिंगचा इतिहास पाहावा. बडे पशुमालक, लहान वसाहतदार, मोकळी कुरणे आणि घटकराज्याचा दर्जा, ही चित्रपटातील सारी सामग्री तेथे प्रत्यक्ष होती. २० जुलै १८८९ रोजी स्वीटवॉटर नदीच्या परिसरात एला वॉटसन या वसाहतदार स्त्रीला आणि जेम्स अ‍ॅव्हरेल या दुकानदाराला काही पशुमालकांनी पकडून नेऊन फासावर लटकवले. वॉटसनने जमिनीवर कायदेशीर हक्क नोंदवला होता. अ‍ॅव्हरेलने बड्या जमीनदारांविरुद्ध वृत्तपत्राला पत्र लिहिले होते. राजधानी शायेनमधील, पशुमालकांना अनुकूल असलेल्या वृत्तपत्रांनी लगोलग छापले की ती वेश्या होती आणि चोरीच्या गुरांच्या रूपाने मोबदला घेत असे. तिला ‘कॅटल केट’ हे नाव चिकटवण्यात आले, तेही दुसऱ्याच एका स्त्रीवरून. खटला उभा राहण्यापूर्वी साक्षीदार नाहीसे झाले वा मेले. कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढच्याच वर्षी, १० जुलै १८९० रोजी, वायोमिंग घटकराज्य झाले. एप्रिल १८९२मध्ये पशुमालकांनी टेक्सासमधून आणलेल्या भाडोत्री बंदूकधाऱ्यांसह जॉन्सन परगण्यावर चाल केली. नेट चॅम्पियन व निक रे यांना त्यांनी ठार केले. चिडलेल्या रहिवाशांनी त्यांना वेढले, तेव्हा केंद्र सरकारच्या घोडदळाने त्यांची सुटका केली. त्यांनाही शिक्षा झाली नाही.

दहा वर्षांनी, १९०२मध्ये, ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी आली. वायोमिंगच्या पार्श्वभूमीवरील या कादंबरीत गुरेचोराला परस्पर फाशी देणारा नायक आहे आणि त्या कृत्याचे सविस्तर समर्थन करणारा न्यायाधीश आहे. वेस्टर्न या साहित्यप्रकाराचे कुळ येथून सांगितले जाते. ‘सीमेवरचा न्याय’ म्हणून जो गौरवला गेला तो एका वर्गाने दुसऱ्यावर केलेला अत्याचार होता, आणि छापील दंतकथा ही त्या अत्याचाराची दुसरी फेरी होती. पहिल्या फेरीत वॉटसनचा जीव गेला, दुसरीत तिचे नाव. ते नाव निर्मळ व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्यासाठी अभ्यासकांना जमिनीच्या व न्यायालयाच्या नोंदी उकराव्या लागल्या. सर्व कथने सारखीच असती तर त्या नोंदींना काही अर्थच उरला नसता.

६

एका प्रश्नाला मात्र फोर्ड यांचा चित्रपटही पुरता सामोरा जात नाही. व्हॅलन्सवर गोळी झाडली गेली तेव्हा डॉनिफनच्या शेजारी उभा असलेला एक मनुष्य स्टॉडर्डच्या कबुलीच्या दिवशीही हयात आहे आणि त्याच इमारतीत, शवपेटीजवळ, बसलेला आहे. पॉम्पी. या प्रकरणातला उरलेला एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार तो. संपादक त्याला काही विचारत नाही. स्टॉडर्ड त्याच्या हातात थोडे पैसे ठेवतो. गावसभा भरली तेव्हा तो बाहेर बसून होता. दारूच्या गुत्त्यात त्याला पेय नाकारले जाते. स्टॉडर्डच्या शाळेत तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणू लागतो आणि सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत या शब्दांपाशी अडखळतो. तो भाग पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही, असे स्टॉडर्ड म्हणतो. थोड्याच वेळात डॉनिफन येऊन त्याला कामावर परत धाडतो.

फोर्ड यांनी हे सारे दाखवले, आणि अमेरिकेत नागरी हक्कांचा लढा रस्त्यावर चालू असताना दाखवले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण दाखवणे आणि बोलू देणे यांत अंतर आहे. चित्रपट त्याला चौकटीत ठेवतो, निवेदनात ठेवत नाही. ज्यांच्या भूमीवर ही कुरणे आणि ही उद्याने उभी राहिली ते मूळ रहिवासी तर चौकटीतही नाहीत. ‘दंतकथा की वस्तुस्थिती’ हा वाद दोन गोऱ्या पुरुषांपैकी गोळी कोणाची एवढ्यावर येऊन थांबतो, याचे कारण या रिकाम्या जागांत आहे. समीक्षेने या जागा भरायच्या होत्या. तिने संपादकाचे वाक्य पाठ केले.

७

मराठीत ‘मिथक’ ही संज्ञा रुळली तेव्हापासून तिच्याभोवती एक भाविक वलय आहे. दंतकथा म्हटले की ती लोकांची, लोकांची म्हटले की ती पवित्र, आणि पवित्र म्हटले की तिला पुरावा मागणारा अरसिक, अशी ही साखळी आहे. ऐतिहासिक कादंबरीचे समर्थन याच साखळीने होते. या भाविकतेला उत्तर देण्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नव्हती. जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केलेला आहे. त्या ग्रंथात अवतारांच्या कथा फुल्यांनी जिंकणाऱ्यांची कागदपत्रे म्हणून वाचल्या. बळीची कथा बळीच्या बाजूने विचारून पाहिली. त्यांच्या व्युत्पत्ती आणि त्यांची इतिहासरचना आज कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र अचूक होते: ही कथा कोणी रचली, तिने कोणाचे भले झाले, आणि तिच्यात ज्याला बोलू दिलेले नाही तो काय सांगेल?

शिनबोनच्या दंतकथेला हे तीन प्रश्न विचारले की पहिल्या दोहोंची उत्तरे चित्रपटातच मिळतात. तिसऱ्याचे उत्तर ठाऊक असलेला माणूस शवपेटीशेजारी बसलेला आहे. संपादकाने त्याला विचारले नाही, कारण त्याला छापायचे नव्हते. समीक्षेला ही सबब उपलब्ध नाही. कथनाच्या सर्वव्यापित्वाचे सिद्धान्त मांडताना तिने हा एक मनुष्य ओलांडून पुढे जायचे ठरवले असेल, तर तिने स्वतःला मॅक्सवेल स्कॉटची वारस म्हणवून घ्यावे. डटन पीबडीचे नाव तिने घेऊ नये.